गोळ्या चालू असताना लस कशासाठी?

कुत्रा चावला की माणूस दवाखाना गाठतो. शिरूर असो की दौंड, सरकारी दवाखान्यात रेबीजची लस चावल्यानंतरच टोचतात, आणि ती वेळेत पूर्ण केली की माणूस वाचतो. विषाणू अंगात शिरल्यावरही लस उपयोगी पडते, हे गावोगावी ठाऊक आहे. मग एचआयव्हीसोबत जगणारी एखादी बाई समुपदेशकाला म्हणाली, "ताई, मोबाइलवर आलंय, एचआयव्हीची लस निघाली म्हणून. आता गोळ्या बंद करू का?" तर त्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग अगदी रास्त आहे. बाधित माणसाला द्यायची लस तयार करण्याची खटपट जगभरात साडेतीन दशकांहून अधिक काळ चालू आहे. दुसऱ्या अर्ध्या भागाचे उत्तर मात्र ठाम 'नाही' असे आहे. हे 'नाही' का, हे समजायचे तर अशा लशीची पहिली चाचणी कशी होते ते नीट पाहावे लागते.

रेबीजला जमते ते इथे का जमत नाही

रेबीजचा विषाणू चावलेल्या जागेपासून नसांमधून मेंदूकडे सावकाश सरकतो. त्याला सहसा काही आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत लस शरीराला प्रतिपिंडे बनवायला लावते आणि विषाणूला वाटेतच गाठता येते.

एचआयव्ही असा अवधी देत नाही. रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी इतर पेशींना रोगाविरुद्ध कामाला लावतात, त्या सीडी-४ पेशींमध्येच तो घुसतो. आत गेल्यावर तो आपला जनुकीय मजकूर पेशीच्या डीएनएमध्ये जोडून टाकतो. संसर्गानंतर काही दिवसांतच हे घडते. त्यानंतर ती पेशी जिवंत आहे तोवर विषाणूचा मजकूर तिच्यात राहतो, आणि पेशी दुभंगली की नव्या पेशीतही जातो.

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, गोळ्या विषाणूला नव्या पेशींमध्ये पसरू देत नाहीत. भारतात सरकारी केंद्रांतून त्या १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागल्या आणि २०१७ पासून सीडी-४ कितीही असले तरी निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नेमाने घेतली तर रक्तातला विषाणू, म्हणजे व्हायरल लोड, यंत्राला मोजता येणार नाही इतका खाली जातो. माणूस कामधंदा करतो, संसार करतो, म्हातारा होतो.

मात्र गोळ्या थांबवल्या तर बहुतेकांच्या रक्तात दोन-तीन आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो. तो येतो कुठून?

जमिनीखालच्या गाठी

भीमा-घोडच्या काठच्या उसात ज्यांनी खुरपणी केली आहे त्यांना लव्हाळा सांगायला नको. वरचे पाते कितीही वेळा काढा, जमिनीखाली त्याच्या गाठी राहतात. तणनाशक हिरव्या पात्यातून आत जाते. ज्या गाठीला अजून कोंब फुटलेला नाही तिला ते लागत नाही. खुरपणी चालू आहे तोवर रान स्वच्छ दिसते. एक हंगाम हात थांबला की सगळीकडे पुन्हा पाती.

बाधित माणसाच्या शरीरात काही सीडी-४ पेशी अशाच निजलेल्या असतात. त्यांच्या डीएनएमध्ये विषाणूचा मजकूर असतो, पण त्या विषाणू बनवत नाहीत. बनवत नाहीत म्हणून गोळ्यांना करण्यासारखे काही उरत नाही आणि रोगप्रतिकारशक्तीला त्यांच्यात वावगे काही दिसत नाही. अशा पेशी फार थोड्या असतात. निजलेल्या सीडी-४ पेशींपैकी साधारण दहा लाखांत एखादीमध्येच पुन्हा उठू शकणारा धडधाकट विषाणू सापडतो. अमेरिकेत रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाने हा साठा किती वेगाने आटतो ते मोजले. तो निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात असे निघाले, आणि त्या हिशेबाने नुसत्या गोळ्यांवर तो संपायला ७३ वर्षे लागतील. म्हणून गोळी आयुष्यभराची.

लशीकडून हवे ते काय

निरोगी माणसाला द्यायची प्रतिबंधक लस मुख्यतः प्रतिपिंडांवर भिस्त ठेवते. ती विषाणूला पेशीबाहेरच पकडतात. बाधित माणसाच्या लशीचे, म्हणजे उपचारात्मक लशीचे, लक्ष्य वेगळे असते. विषाणू पेशीत शिरून बसलेलाच आहे. आता तो जिथून उठेल ती पेशी ओळखून मारायची आहे. हे काम सीडी-८ नावाच्या मारक पेशी करतात. कोणतीही पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडत असते. त्यांत विषाणूचा तुकडा दिसला की सीडी-८ तिला संपवते.

मग बाधित माणसाच्या सीडी-८ पेशींना हे आपोआप का जमत नाही? काहींना जमते. शंभरात एकाहूनही कमी जणांच्या शरीरात गोळ्यांशिवाय विषाणू वर्षानुवर्षे दबलेला राहतो, आणि त्यांतल्या अनेकांना पेशीच्या पृष्ठभागावर तुकडे मांडणारी विशिष्ट प्रथिने आनुवंशिकतेने मिळालेली असतात. बाकीच्यांच्या सीडी-८ पेशी दोन कारणांनी कमी पडतात. सततच्या लढ्याने त्या थकतात, हे एक. दुसरे असे की त्या विषाणूच्या ज्या भागांवर नेम धरतात, तेच भाग विषाणू सहज बदलतो. उपचार उशिरा सुरू झालेल्या रुग्णांत निजलेला साठाच मुळी बदललेल्या विषाणूंनी भरलेला असतो, असे २०१५ साली दिसून आले. म्हणजे जुन्या ओळखीवर शिकवलेल्या मारक पेशींना तो दिसणारच नाही.

म्हणून नव्या लशी विषाणूचे असे भाग निवडतात जे बदलले तर विषाणूचेच नुकसान होते. बार्सिलोनात तयार झालेल्या 'एचटीआय' या लस-मजकुरात असे १६ भाग एकामागे एक गुंफले आहेत. सीडी-८ पेशींचा नेम चुकीच्या जागेवरून काढून या जागांवर आणायचा, ही त्यामागची कल्पना. मला ती या सगळ्या क्षेत्रातली सर्वांत समंजस कल्पना वाटते, कारण तिची सुरुवात ज्यांच्या शरीराला विषाणू दाबता आला अशा माणसांच्या निरीक्षणातून झाली आहे.

भोसरीतली पहिली सुई

शिरूर-दौंडकरांना ही गोष्ट परदेशातली वाटू नये. ज्या भोसरीत इथले लोक कारखान्यांत कामाला जातात, तिथेच १९९२ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', उभी केली. भारतातली एचआयव्ही लशीची पहिली मानवी चाचणी ७ फेब्रुवारी २००५ रोजी याच संस्थेत सुरू झाली. डॉ. संजय मेहेंदळे तिचे प्रमुख संशोधक होते. ३० स्वयंसेवक, सगळे निरोगी आणि एचआयव्ही निगेटिव्ह. लस प्रतिबंधक होती; भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या 'सी' उपप्रकाराच्या विषाणूचे काही जनुकीय तुकडे एका निरुपद्रवी विषाणूच्या पोटात घालून ती बनवली होती. त्या तुकड्यांपासून अख्खा एचआयव्ही तयार होऊच शकत नाही. तरीही "लशीने एड्स होईल का?" हा प्रश्न तेव्हा घरोघर होता, आणि त्याचे उत्तर देण्यात संशोधकांचा बराच वेळ गेला. तो वेळ सत्कारणी लागला असे मी म्हणेन.

भारतासह युरोपातही तपासलेली ही लस सुरक्षित ठरली. पण तिने जागवलेली प्रतिकारशक्ती बेताचीच निघाली आणि ती पुढे गेली नाही. २००९ मध्ये पुणे आणि चेन्नई मिळून ३२ स्वयंसेवकांवर दोन लशी पाठोपाठ देण्याची आणखी एक पहिल्या टप्प्याची चाचणी झाली. वर्तमानपत्री भाषेत हे अपयश. शास्त्राच्या हिशेबात एका छोट्या प्रश्नाला मिळालेले खरे उत्तर.

चौकट : चाचणीचे टप्पे

पहिला टप्पा : काही डझन माणसे. मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा: लस अंगाला सोसते का, आणि कोणत्या मात्रेत? सोबत प्रतिकारशक्ती जागते का हेही पाहतात.

दुसरा टप्पा : शेकड्यांत माणसे. योग्य मात्रा, किती डोस, किती अंतराने; परिणामाची पहिली चाहूल.

तिसरा टप्पा : हजारो माणसे. लस खरोखर काम करते का? बाजारात येण्याचा निर्णय या उत्तरावर.

एचआयव्हीची कोणतीही लस, प्रतिबंधक किंवा उपचारात्मक, आजवर तिसरा टप्पा पार करून दवाखान्यात आलेली नाही.

पहिल्या टप्प्यात मोजतात काय

उपचारात्मक लशीच्या पहिल्या चाचणीत भाग घेणारे निरोगी नसतात, बाधित असतात. पण धडधाकट बाधित. गोळ्या नियमित, व्हायरल लोड बराच काळ दबलेला, सीडी-४ चांगले, क्षयरोगासारखा दुसरा आजार चालू नाही, बाई असेल तर गरोदर नाही. लस टोचण्याच्या काळात गोळ्या चालूच राहतात.

चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड होते: काहींना लस, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली सुई, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळाले हे ना त्या माणसाला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. सुरुवात सहसा सर्वांत कमी मात्रेने, अगदी थोड्या माणसांपासून होते. त्यांचे सगळे ठीक दिसले तरच पुढची मात्रा. टोचल्यावर लगेच घरी सोडत नाहीत. बसवून ठेवतात, नाडी, रक्तदाब, ताप पाहतात. घरी जाताना हातात एक तक्ता आणि थर्मामीटर देतात. पुढचे काही दिवस रोज लिहायचे: ताप किती, हात दुखतो का, डोके दुखते का, टोचल्या जागी लाली आली असेल तर ती किती सेंटिमीटर. त्यावरून त्रासाला सौम्य, मध्यम, तीव्र अशी श्रेणी लावतात. तीव्र त्रास झाला तर संशोधकांपासून स्वतंत्र असलेली तज्ज्ञांची समिती कागद तपासते आणि गरज पडल्यास चाचणी थांबवते.

प्रतिकारशक्ती मोजण्याची एक पद्धत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. तिला 'एलिस्पॉट' म्हणतात. तळहाताएवढी प्लास्टिकची पाटी, तिच्यात ९६ बारीक खळगे. प्रत्येक खळग्याच्या तळाला एक चिकट थर दिलेला असतो. मारक पेशी कामाला लागली की जे रसायन सोडते, ते त्यात अडकते. स्वयंसेवकाच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या लाखो पांढऱ्या पेशी या खळग्यांत वाटून टाकतात, त्यात एचआयव्हीच्या प्रथिनांचे तुकडे घालतात आणि पाटी रात्रभर शरीराच्या तापमानाला ठेवतात. ज्या पेशीला तुकड्याची ओळख पटली ती तिथल्या तिथे रसायन सोडते. सकाळी पेशी धुऊन काढून रंग चढवला की जिथे जिथे ती पेशी बसली होती तिथे एक निळसर ठिपका उमटतो. एक ठिपका, ओळख पटलेली एक पेशी. दहा लाख पेशींमागे किती ठिपके, हा निकाल. लशीआधी ४० आणि नंतर ४०० निघाले, तर लशीने पेशींना काहीतरी शिकवले असे म्हणता येते.

मात्र शिकलेली पेशी माणसाच्या शरीरात विषाणू दाबेल का, हे पाटी सांगू शकत नाही. पहिल्या टप्प्यावर आधारलेल्या 'लस यशस्वी' अशा बातम्या बहुतेक वेळा या ठिपक्यांच्या असतात. वाचणाऱ्याला ते कोणी सांगत नाही, याचे मला वाईट वाटते. कारण गोळी बंद करण्याचा निर्णय ती बातमी वाचून कोणीतरी घेत असते.

गोळ्या थांबवून पाहणे

गोळ्या चालू असताना व्हायरल लोड लशीशिवायही दबलेलाच असतो. त्यामुळे लस स्वतःच्या बळावर विषाणू रोखते का, हे पाहायचा एकच सरळ मार्ग उरतो: गोळ्या थांबवायच्या आणि वाट पाहायची.

हे धोक्याचे आहे. 'स्मार्ट' या ३३ देशांतल्या ५,४७२ जणांच्या अभ्यासाने २००६ मध्ये दाखवले की सीडी-४ चांगले असताना गोळ्या बंद ठेवून ते घसरल्यावर पुन्हा सुरू करणाऱ्यांना गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका अखंड गोळ्या घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होता. त्यामुळे आज चाचणीत गोळ्या थांबवतात त्या कडक पहाऱ्यात. साधारण दर आठवड्याला व्हायरल लोड. परत सुरू करायची रेघ आधीच ठरलेली. बार्सिलोनातल्या एचटीआयच्या चाचणीत ती अशी होती: व्हायरल लोड एकदाही एक लाखाच्या वर गेला, किंवा सलग आठ आठवडे दहा हजारांच्या वर राहिला, किंवा सीडी-४ ३५० च्या खाली आले, की गोळ्या सुरू.

दुसरा धोका जोडीदाराचा. बाधित माणसाने वेळेवर गोळ्या घेतल्या तर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी टळतो, हे २०११ मध्ये ज्या अभ्यासाने सिद्ध केले, त्याच्या १,७६३ जोडप्यांत पुण्याच्या 'नारी'तली जोडपी होती. गोळ्या थांबल्या की हे संरक्षणही थांबते. म्हणून जोडीदाराला आधी सांगावे लागते, कंडोम वापरावा लागतो, जोडीदारासाठी प्रतिबंधक गोळ्यांची सोय करावी लागते. ज्या घरात नवऱ्याचे निदान सासू-सासऱ्यांना ठाऊक नाही, किंवा बायकोचे नवऱ्याला, तिथे ही अट किती अवघड आहे ते वेगळे सांगायला नको.

आणि प्लासिबो मिळालेल्यांचे काय? त्यांच्याही गोळ्या थांबतात. लशीचा फायदा मिळण्याची शक्यताच नाही, आणि धोका मात्र तेवढाच. तुलनेसाठी ते लागतात, हे खरे. पण हे ओझे कोणाच्या खांद्यावर जाते आहे, हे संमती घेताना स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हाती काय लागले

पोलिओची लस देणाऱ्या जोनास साल्क यांनीच १९८०च्या दशकात बाधितांसाठी लस असावी ही कल्पना पुढे रेटली. त्यांच्या 'रेम्यून' या लशीची अडीच हजारांहून अधिक लोकांवरची मोठी चाचणी १९९९ मध्ये गुण येईना म्हणून थांबवली गेली. ब्रिटनमधल्या 'रिव्हर' चाचणीत ६० पुरुषांना लशीसोबत निजलेल्या पेशी उठवणारे औषध दिले. कल्पना अशी की आधी उठवायचे आणि मग मारायचे. २०२० मध्ये निकाल आला: साठा कमी झाला नाही.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बार्सिलोनाच्या ४५ जणांच्या चाचणीत मात्र थोडा उजेड दिसला. अनुकूल आनुवंशिक प्रथिने नसलेल्यांपैकी लस घेतलेले २० पैकी ८ जण २२ आठवड्यांपर्यंत गोळ्यांशिवाय राहू शकले. प्लासिबो गटातला १२ पैकी १. आकडे लहान आहेत. शिवाय हे बहुतेक पुरुष, संसर्ग होताच लवकर उपचार सुरू झालेले. दौंडच्या एखाद्या बाईला निदान नवरा आजारी पडल्यावर कितीतरी वर्षांनी होते. तिचा साठा मोठा आणि अधिक बदललेला. विषाणूही युरोपातल्या नेहमीच्या 'बी' उपप्रकाराचा नव्हे, 'सी'चा. तिथले उत्तर इथे तसेच्या तसे लागू पडेल असे धरता येत नाही. इथल्या माणसांवर, इथल्या विषाणूसाठी पहिल्या टप्प्यापासून चाचणी करावी लागेल.

शिरूरहून, दौंडहून

तशी चाचणी पुण्यात उभी राहिली तर सहभागी होणाऱ्याला काय करावे लागेल? दौंडहून पुणे रेल्वेने सुमारे पाऊणशे किलोमीटर, शिरूरहून नगर रस्त्याने थोडे कमी. गोळ्या थांबवण्याच्या काळात ही फेरी दर आठवड्याला. रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या कंपनीत कंत्राटावर असलेल्याचा दर वेळी एक खाडा, आणि मुकादमाला दर वेळी एक कारण. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देण्याची पद्धत आहे. कारण मात्र ज्याचे त्याला शोधावे लागते. तालुक्याच्या दवाखान्यातच रक्त घेण्याची सोय झाली तर यातला बराच भार हलका होईल, आणि चाचणी आखतानाच ते ठरवायला हवे.

कायदा बाधितांच्या बाजूने बराच पुढे आला आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार समजून दिलेल्या संमतीशिवाय बाधित व्यक्तीवर कोणतेही संशोधन करता येत नाही आणि तिची ओळख उघड करता येत नाही. २०१९ च्या औषध-चाचणी नियमांनुसार नैतिक समितीत वकील आणि वैद्यकक्षेत्राबाहेरचा सामान्य माणूस असावाच लागतो, आणि चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार व भरपाई द्यावी लागते. काही चाचण्यांत संमतीचे चित्रीकरण सक्तीचे आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगावरच्या औषधांच्या चाचण्यांत चेहरा टिपत नाहीत, फक्त आवाज मुद्रित करतात. नियम करणाऱ्यांनी इथे माणसाची अडचण ओळखली आहे.

संमतीपत्र मराठीत असते, त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवायची असते, घरी नेऊन विचार करायला वेळ मागता येतो. विचारायचे प्रश्न साधे आहेत. गोळ्या थांबवणार का, किती दिवस? परत सुरू करायची रेघ कोणती? मला प्लासिबो मिळाला होता का, हे शेवटी सांगणार का? रात्री ताप चढला तर फोन कोणाला करायचा? चाचणीला नाही म्हटले किंवा मधेच बाहेर पडले, तरी एआरटी सेंटरमधली गोळी बंद होत नाही. ती ओळ संमतीपत्रात कुठे आहे ते समुपदेशकाला दाखवायला सांगावे आणि सही त्यानंतर करावी.